रातकिड्यांची भुकटी आणि कंबरेचा घेर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात प्रथिनांच्या निरनिराळ्या स्रोतांविषयी लिहिताना जगात अनेक ठिकाणी कीटक खाल्ले जातात आणि आता वजन आटोक्यात ठेवण्यासाठीही त्यांची शिफारस होऊ लागली आहे, असा दोन ओळींचा उल्लेख मी केला होता. त्या दोन ओळींवर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की हा संपूर्ण अंक त्याच विषयाला द्यावा असे ठरले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, नावे वगळून, त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. वय ३८, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८४ किलो. माझ्या सहकाऱ्याने परदेशातून रातकिड्यांच्या भुकटीचे एक पाकीट आणले आहे. हे ‘फंक्शनल फूड’ आहे, यातील कायटिन पोटातील चरबी शोषून घेते आणि रोज चार चमचे घेतल्यास महिन्याभरात फरक पडतो, असे तो सांगतो. मला मांसाहाराचे वावडे नाही. मी ही भुकटी सुरू करावी का? पाकीट सोबत पाठवीत आहे. (इंदिरानगर)

उत्तर : आपण पाकीट पाठवलेत ते फार चांगले केलेत, कारण अशा पदार्थाविषयी ऐकीव माहितीवर बोलण्यापेक्षा तो हातात घेऊन पाहिलेला बरा. भुकटीचा रंग नागलीच्या पिठासारखा तपकिरी आहे. वास पहिल्यांदा भाजलेल्या शेंगदाण्यासारखा आणि मग हलकासा सुकटीसारखा येतो. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर मी २५ ग्रॅम भुकटी मोजली, ती साधारण चार सपाट मोठे चमचे भरली. पाकिटावरील तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम भुकटीत ६५ ग्रॅम प्रथिने, २० ग्रॅम स्निग्धांश, ६ ग्रॅम चोथा आणि ४६० कॅलरी आहेत. म्हणजे आपल्या चार चमच्यांतून सुमारे १६ ग्रॅम प्रथिने, दीड ग्रॅम चोथा आणि ११५ कॅलरी मिळतील. वजनाचा विचार करताना शेवटचा आकडा विसरून चालत नाही. ही भुकटी औषध नाही, ते अन्न आहे, आणि जेवणात काही कमी न करता ती वरून घेतली तर त्या कॅलरी वाढतातच.

ते अन्न आहे हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांचा सूर ‘हे खातातच कसे’ असा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये खाद्य कीटकांवर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात १,९०० हून अधिक खाद्य जातींची नोंद होती. थायलंडमध्ये रातकिड्यांचे पालन हा खेड्यापाड्यांतील रीतसर जोडधंदा आहे, मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात भाजलेले नाकतोडे बाजारात टोपल्या भरून विकले जातात आणि कोरियात रेशीमकिड्याचे उकडलेले कोष रस्त्यावर मिळतात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये मीलवर्म नावाच्या पिवळट अळीला आणि त्यानंतर टोळ व रातकिडा यांना अन्न म्हणून मान्यता दिली. सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये १६ जातींना परवानगी दिली. तेव्हा हे खाणे ओंगळ आहे, हा आक्षेप मी विचारातच घेत नाही. मला विचारात घ्यायचे आहे ते फक्त आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे.

‘फंक्शनल फूड’ हा शब्द सध्या फार सैलपणे वापरला जातो. पोटभरणी आणि नेहमीचे पोषण यांपलीकडे शरीराच्या एखाद्या कार्यावर ठराविक, दाखवून देता येईल असा चांगला परिणाम करणारे अन्न, असा त्याचा अर्थ आहे. ही कल्पना जपानमध्ये रुजली आणि तेथे १९९१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र शासकीय मान्यतापद्धती सुरू झाली, जिच्यात उत्पादकाला आपला दावा पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो. या व्याख्येतला सगळा भार ‘दाखवून देता येईल’ या शब्दांवर आहे. त्या कसोटीवर रातकिड्याची भुकटी वजनाच्या बाबतीत कोठे बसते, ते आता पाहू.

पहिला मुद्दा प्रथिनांचा. प्रथिनांमुळे पोट भरल्याची जाणीव अधिक काळ टिकते, ती पचविण्यासाठी शरीराला पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थांपेक्षा जास्त ऊर्जा खर्चावी लागते आणि वजन घटवताना स्नायू झिजू नयेत यासाठीही ती हवी असतात. हे सगळे खरे आहे. कीटकांची प्रथिने दर्जेदार असतात, हेही खरे आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात २४ निरोगी तरुणांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अळीची ३० ग्रॅम प्रथिने आणि दुधाची ३० ग्रॅम प्रथिने यांचे पचन आणि त्यांतून होणारी स्नायूंची बांधणी सारखीच आढळली. परंतु याचा अर्थ एवढाच की ही प्रथिने दुधाच्या तोडीची आहेत. दुधाहून निराळी अशी चरबी घटविण्याची शक्ती त्यांत असल्याचे यातून सिद्ध होत नाही.

पाकिटावरच्या ६५ या आकड्याविषयीही सावध राहायला हवे. अन्नातील प्रथिने सहसा थेट मोजली जात नाहीत. आधी नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. कीटकांच्या कवचातील कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, पण तो प्रथिनांचा नव्हे. त्यामुळे नेहमीच्या गुणकाने आकडा फुगतो. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अळ्यांसाठी हा गुणक ४.७६ घ्यावा असे सुचविले. त्या हिशेबाने ६५ चे जवळपास ५० होतात. रातकिड्यासाठी गुणक थोडा वेगळा निघेल, पण फुगवटा राहतोच. आपण सोळा ग्रॅम समजून घेतलेली प्रथिने प्रत्यक्षात बारा-तेरा ग्रॅम असू शकतात.

दुसरा मुद्दा कायटिनचा, आणि आपल्या सहकाऱ्याची खरी भिस्त त्याच्यावरच आहे. कायटिन हा कीटक, खेकडे आणि कोलंबी यांच्या कवचातला तंतुमय घटक आहे. अळिंबीच्या पेशीभित्तिकेतही तो असतो. जवळ्याची चटणी खाणारा प्रत्येक नाशिककर कायटिन खातच आला आहे, कारण जवळा सोलून कोणी खात नाही. कवचातील कायटिनवर प्रक्रिया करून कायटोसॅन नावाचा पदार्थ काढतात आणि तो ‘चरबी बांधून ठेवतो’ असे सांगून त्याच्या गोळ्या अनेक वर्षे विकल्या जात आहेत. या गोळ्यांवरील मानवी चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने २००८ मध्ये एकत्रित आढावा घेतला. वजनातील घट अल्प होती, आणि चाचणी जितकी काटेकोर तितकी ती आणखी कमी दिसत होती. वैद्यकीयदृष्ट्या तिला फारसे महत्त्व नाही, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष होता. शुद्ध स्वरूपात, गोळीमागून गोळी घेऊन जे साधले नाही, ते भुकटीतल्या दीड ग्रॅम चोथ्याने साधेल असे मानायला मला आधार दिसत नाही.

मात्र कायटिनविषयी एक अभ्यास मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, आणि तो लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कायटिनयुक्त आहाराने उंदरांचे जठर ताणले जाते, त्या ताणाने शरीरातील रोगप्रतिकार यंत्रणेचा एक भाग जागा होतो आणि कायटिन पचविणारे विकर (एन्झाइम) अधिक प्रमाणात तयार होऊ लागते, असे त्यांना दिसले. ज्या उंदरांत हे विकर बनतच नव्हते, म्हणजे ज्यांना कायटिन पचविता येत नव्हते, त्यांचे वजन चरबीयुक्त आहारावरही सर्वांत कमी वाढले आणि अंगावर चरबीही सर्वांत कमी चढली. कायटिनमुळे लठ्ठपणा आवरता येईल ही आशा येथून आली आहे आणि ती खोटी नाही. पण उंदराच्या पोटातून माणसाच्या पोटापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. माणसाच्या जठरातही कायटिन पचविणारे विकर असते, त्यामुळे तोच लाभ आपल्याला होईल की नाही, हे माणसांवर चाचणी केल्याशिवाय म्हणता येत नाही.

माणसांवर झालेल्या चाचण्यांपैकी सर्वांत जास्त सांगितली जाते ती विस्कॉन्सिन विद्यापीठाची, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. वीस निरोगी व्यक्तींना १४ दिवस रोज २५ ग्रॅम रातकिड्यांची भुकटी न्याहारीतून दिली आणि तेवढेच दिवस तशीच दिसणारी पण भुकटीविरहित न्याहारी दिली. भुकटीच्या काळात आतड्यातील बिफिडोबॅक्टेरियम अॅनिमॅलिस हा उपकारक जिवाणू ५.७ पटींनी वाढलेला आढळला आणि शरीरातील दाह दर्शविणारा रक्तातील एक घटक कमी झाला. आतड्याच्या आरोग्याच्या दृष्टीने ही आश्वासक बातमी आहे. पण वीस माणसे आणि चौदा दिवस यांवरून वजनाविषयी काही सांगता येत नाही, आणि तो त्या चाचणीचा हेतूही नव्हता. ‘महिन्याभरात फरक’ हे वाक्य कोणत्या पुराव्यावर उभे आहे, ते आपल्या सहकाऱ्याने दाखवावे.

आता आपल्याविषयी. आपला बॉडी मास इंडेक्स २९ च्या थोडा वर येतो. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, तेव्हा चिंता योग्यच आहे. कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर रक्तातील साखर, चरबी आणि रक्तदाब एकदा तपासून घ्यावा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्या उंचीला साजेसे वजन ६५ किलो धरले तर रोज सुमारे ५४ ग्रॅम. आपण पत्रात लिहिलेल्या दिनक्रमात सकाळी पोहे, दुपारी कॅन्टीनचा भात आणि बटाट्याची भाजी, सायंकाळी चिवडा आणि रविवारी मिसळ आहे. यात ५४ ग्रॅमची भरपाई होत नाही आणि चोथाही तुटपुंजाच पडतो. हा खड्डा भुकटीने भरता येईल, पण त्यासाठी परदेशी पाकिटाची गरज नाही. ७५ ग्रॅम कोरडी मटकी मोड आणून खाल्ली तर सुमारे १५ ग्रॅम प्रथिने, सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी आणि दहा ग्रॅमच्या आसपास चोथा मिळतो. कॅलरीमागे प्रथिने पाहिली तर भुकटी सरस आहे, हे मान्य करायलाच हवे. पण भूक आवरण्याच्या कामी दहा ग्रॅम चोथा आणि वाटीभर ओला, चावून खाण्याचा ऐवज यांची बरोबरी चार चमचे भुकटी करू शकत नाही. रविवारची मिसळ सोडू नका. तिच्यातली मटकी दुप्पट घ्या, तर्री आणि फरसाण निम्मे करा आणि दुसरा पाव घेऊ नका. सायंकाळच्या चिवड्याच्या जागी मूठभर फुटाणे किंवा दोन उकडलेली अंडी घ्या, रात्री नागलीची एक भाकरी आणि हुलग्याचे पिठले किंवा शेंगोळी ठेवा. कोलंबी-सुकट पचत असेल, आणि चव आवडली असेल, तर पाकीट संपेपर्यंत भुकटी पिठात कालवून जरूर खा, मात्र तेव्हा तेवढ्या कॅलरींचे दुसरे काहीतरी ताटातून काढा. गोल्फ क्लब मैदानावर रोज पाऊण तास भरभर चाललात, तर तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला कोलंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात. तिचे वजन वाढते आहे म्हणून तिच्या मामाने कीटकांच्या प्रथिनांच्या वड्या आणून दिल्या आहेत. मासे नसल्यामुळे त्या चालतील ना? (गंगापूर रोड)

उत्तर : नाही, कृपया एकही वडी देऊ नका. या अंकातील सर्व उत्तरांत हे उत्तर सर्वांत तातडीचे आहे.

कोलंबी आणि खेकडे हे माशांचे नव्हे, कीटकांचे नातेवाईक आहेत. सगळे संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांच्या प्राण्यांच्या, संघातले. कोलंबीची ॲलर्जी बहुतेकदा ट्रोपोमायोसिन नावाच्या स्नायूतील प्रथिनामुळे होते आणि कीटकांमधील ट्रोपोमायोसिन कोलंबीतल्याशी इतके मिळतेजुळते असते की शरीर त्यांत फरक करीत नाही. हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे ‘चांगले भाजलेले आहे’ या म्हणण्याला अर्थ नाही. घरातील धुळीतल्या सूक्ष्म माइट किड्यांची ज्यांना ॲलर्जी आहे, त्यांनाही हाच धोका आहे. युरोपमध्ये मान्यता मिळालेल्या कीटकपदार्थांच्या वेष्टनावर कवचधारी जलचरांची आणि धुळीतल्या माइटची ॲलर्जी असणाऱ्यांना इशारा छापणे याचसाठी बंधनकारक आहे.

माझ्याकडे आहारसल्ल्यासाठी येणाऱ्या एका तरुणाने अशीच एक वडी व्यायामानंतर खाल्ली आणि अर्ध्या तासात त्याचे ओठ सुजले. लहानपणी सुकट भाजताना त्याला शिंका येत आणि डोळे चुरचुरत, पण त्याला कोणी ॲलर्जी म्हटले नव्हते, घरात सगळे ‘याला वास सहन होत नाही’ असेच म्हणत. वडीच्या वेष्टनावर इशारा होता, मात्र तो घडीच्या आत गेलेल्या बारीक अक्षरांत होता. वेळीच औषध मिळाल्याने तो सावरला. मी तेव्हापासून प्रथिनांची पूरके घेणाऱ्या प्रत्येकाला सुकट-जवळ्याविषयी आधी विचारते, आणि त्याच्या आधी हे विचारत नव्हते याची खंत मला आजही वाटते.

चुकून खाणे झालेच आणि ओठ, जीभ वा चेहरा सुजला, श्वासाला घरघर लागली, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय करीत बसू नये, लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तेराव्या वर्षी मुलींचे वजन वाढणे पुष्कळदा वाढीचाच भाग असतो. तिला कोणतीही वडी देण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून तिचा उंची-वजनाचा आलेख पाहून घ्या, आणि कोलंबीच्या ॲलर्जीची रीतसर तपासणीही त्याच भेटीत करून घ्या.

प्रश्न : आमचे घर माळकरी आहे. मुलगा व्यायामशाळेत जातो आणि प्रथिनांचे डबे आणतो. त्यात कीटक घातलेले आहेत की नाहीत हे आम्ही कसे ओळखावे? (पंचवटी)

उत्तर : वेष्टनावरील चिन्ह पाहावे. हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका शाकाहाराचा आणि तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण मांसाहाराचा. कीटकांपासून केलेला पदार्थ शाकाहारी म्हणून विकता येत नाही. घटकांच्या यादीत क्रिकेट पावडर, इन्सेक्ट प्रोटीन, मीलवर्म, अॅशेटा किंवा टेनेब्रियो असे शब्द दिसले तर तो कीटकच समजावा. भारतात अन्न म्हणून रूढ नसलेल्या नव्या पदार्थाला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. २०१७ पासून त्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. त्यामुळे १४ आकडी परवाना क्रमांक नसलेला डबा, तो कोणीही दिलेला असो, परत करावा.

आपण विचारले नाही, तरी माळकरी घराला उपयोगी पडेल म्हणून सांगते. मिठाई, जेली किंवा गुलाबी रंगाच्या पेयांच्या घटकांत १२० हा क्रमांक असेल तर तो कोचिनियल किड्यापासून काढलेला तांबडा रंग असतो. गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणणारा ९०४ क्रमांकाचा घटक म्हणजे लाख, जी लाखेच्या किड्यापासून मिळते, परंतु नियमांनी तिला दूध-मधाप्रमाणे मांसाहारातून वगळले आहे. ती घ्यावी की नाही, हे आपल्या घराने ठरवायचे आहे. मुलाला म्हणावे, फुटाणे, सोयाबीन, ताक आणि मोडाची कडधान्ये मिळून त्याची प्रथिनांची गरज आनंदाने भागते.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. वय ६८. युरिक अॅसिड वाढल्यामुळे अंगठ्याचा सांधा सुजतो आणि मूत्रपिंडेही थोडी मंदावली आहेत असे डॉक्टर म्हणतात. वजन उतरविण्यासाठी ही भुकटी घेता येईल का? (नाशिक रोड)

उत्तर : घेऊ नये. कीटकांत प्युरीन बऱ्यापैकी असते आणि त्यापासून शरीरात युरिक अॅसिडच बनते. मूत्रपिंडे मंदावलेली असताना प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे, कोणत्याही पाकिटाने किंवा माझ्या सदराने नव्हे. आपल्या वयात वजन घाईने उतरविणेही बरे नाही, कारण उपासमारीने युरिक अॅसिड आणखी चढते आणि सांधा पुन्हा धरतो. दोन-तीन महिन्यांत दोन-तीन किलो एवढी चाल पुरेशी आहे.

प्रश्न : अळ्या पौष्टिक असतात असे तुम्ही लिहिलेत. मग पिठात जाळी धरली, गव्हात सोनकिडे झाले, तर ते टाकून का द्यायचे? आमच्या सूनबाई हसल्या, पण मी मनापासून विचारते. (जुने नाशिक)

उत्तर : आजी, प्रश्न अगदी रास्त आहे. अन्नासाठी पाळलेले कीटक ठराविक, स्वच्छ खाद्यावर वाढवतात, शेवटी त्यांना उपाशी ठेवून पोट रिकामे करतात आणि मग उकळून वाळवतात. धान्यातल्या किड्याबरोबर मात्र त्याची विष्ठा, कात, मेलेले किडे आणि ओल धरल्याने आलेली बुरशीही आपल्या डब्यात असते. पिठातील तांबडे भुंगे क्विनोन नावाची उग्र द्रव्ये सोडतात, त्यामुळेच किडलेल्या पिठाला तो कडवट वास येतो. आपल्याकडील अन्नसुरक्षेच्या नियमांत धान्यात किड्यांच्या विष्ठेतून येणाऱ्या युरिक अॅसिडची कमाल मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम घातली आहे, ती हीच घाण मोजण्यासाठी. चार-दोन सोनकिडे दिसले तर गहू उन्हात घालून, चाळून, निवडून वापरावा. पिठात जाळी झाली असेल तर ते टाकलेलेच बरे.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत प्रकाश सापळ्यात रोज रात्री ढीगभर किडे पडतात, त्यांत रातकिडे आणि नाकतोडेही असतात. ते वाळवून विकता येतील का? (निफाड तालुका)

उत्तर : खाण्यासाठी मुळीच नाही. द्राक्षावर छाटणीपासून काढणीपर्यंत किती फवारण्या होतात, हे आपण माझ्याहून चांगले जाणता. त्या फवारणीतून वाचलेला किडा औषध अंगात घेऊन सापळ्यात येतो. शिवाय रानातल्या किड्याने काय खाल्ले, त्याच्या पोटात कोणते परजीवी आहेत, हे कळायला मार्ग नसतो, आणि सापळ्यात रात्रभर पडून राहिलेला किडा उजाडेपर्यंत कुजू लागतो.

किड्यांपासून उत्पन्नच हवे असेल तर माणसाच्या ताटाऐवजी कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्याकडे पाहावे. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या भाजीपाल्याच्या आणि फळांच्या टाकाऊ भागावर झपाट्याने वाढतात आणि त्यांचे पशुखाद्य होते. युरोपीय संघाने कीटकांची प्रथिने मत्स्यखाद्यात २०१७ पासून आणि कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात २०२१ पासून वापरू दिली आहेत. नाशिक जिल्ह्यात कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे यांचा टाकाऊ माल काही कमी नाही, पण त्यावरही औषधांचे अवशेष असतात, हे ध्यानात ठेवून कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांशी आधी बोलावे आणि मगच पैसे गुंतवावेत.

प्रश्न : आमच्या शेजारी आसामचे एक लष्करी कुटुंब राहते. शेजारीणबाई गावाहून आल्या की एरी रेशमाचे कोष तळून वाटीभर पाठवतात. मागे मी संकोचाने ती वाटी तशीच परत केली आणि त्या खट्टू झाल्या, हे माझ्या लक्षात आले. मी वजन कमी करण्याचा आहार घेत आहे. खाल्ले तर चालेल का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. एरी हे नाव एरंडावरून आले आहे, कारण हा किडा एरंडाच्या पानांवर वाढतो. त्याचा कोश एका टोकाला उघडा असतो, त्यामुळे आतील किडा काढून घेऊन उरलेल्या कोशाचे सूत काततात आणि तो किडा, म्हणजे आपल्या वाटीतले कोष, स्वयंपाकघरात येतो. आसामात आणि ईशान्येच्या अनेक समाजांत तो आवडीचा, पाहुण्याला वाढण्याजोगा पदार्थ आहे. आपण दिवाळीला शेजारी फराळाचे ताट पाठवतो तशीच ती वाटी आली होती, असे समजावे.

आहाराच्या दृष्टीने पाहिले तर वाळलेल्या एरी कोषांत निम्म्याच्या आसपास प्रथिने आणि सुमारे पाव हिस्सा स्निग्धांश असतो. तळल्यावर तेल वाढते, म्हणून वाटीभर खाणे वजन उतरविण्याच्या आहारात बसणार नाही, जशी वाटीभर तळलेली कोलंबीही बसत नाही. पण पाच-सहा कोष भाकरीबरोबर खाल्ल्याने आहार बिघडत नाही. कोलंबी, खेकडे, सुकट किंवा धुळीची ॲलर्जी नाही ना, एवढे आधी तपासा. पहिल्या वेळी एकच खाऊन पाहा आणि दोन-तीन तास वाट पाहा. ॲलर्जी असेल तर त्यांना तसे मोकळेपणाने सांगा, कोणतीही सुगरण ते समजून घेते. नसेल तर पुढच्या वेळी तेल कमी घालून, लसूण-मिरचीवर परतून पाठवायला सांगा. आणि वाटी परत देताना ती रिकामी देऊ नका, त्यांना नागलीचे दोन लाडू घालून द्या.